सिंहगड–राजगड–तोरणा–रायगड, सलग, स्वतःच्या बळावर: वेळेचं आणि पाण्याचं गणित कसं बसवू?

धायरीकर

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून निघून राजगड, तोरणा करत रायगडावर पोचायचं, मधे मुक्काम करायचा नाही, असा बेत आहे. आयोजक नाही, रस्त्यावर पाणी घेऊन उभी असलेली मित्राची गाडी नाही. पाठीवरची सॅक आणि वाटेतल्या गावात कोणत्याही वाटसरूला मिळेल तेवढंच. अंतर वाट कशी घेतो त्यावर आहे, पण सत्तर किलोमीटरच्या पुढेच भरतं.

वय ३८. एसआरटी अल्ट्राची (सिंहगड–राजगड–तोरणा) ५३ किलोमीटरची शर्यत केली आहे, त्यामुळे तोरण्यापर्यंतचा मुलूख ओळखीचा. पण तिथे थोड्या थोड्या अंतरावर पाणी, मीठ लावलेले बटाटे, झाडाला बांधलेल्या फिती असतात. इथे त्यातलं काही नसणार. तोरण्यापासून मोहरी गाव, सिंगापूरची नाळ (घाटावरून कोकणात उतरणारी खडी घळ) आणि खाली दापोली (समुद्रकाठचं नव्हे, नाळेखालचं गाव) हा टप्पा दिवसाउजेडी ट्रेक म्हणून चाललो आहे, दमलेल्या पायांनी कधीच नाही. सराव म्हणून रविवारी आतकरवाडीतून सिंहगड लागोपाठ दोन-तीनदा चढतो-उतरतो.

निघायचं किती वाजता, पाणी किती उचलायचं आणि सॅकमधून काय काय वगळायचं, हे विचारायचं आहे. बायकोची एकच अट आहे: कुठल्या ठिकाणी साधारण किती वाजता असशील ते कागदावर लिहून दे. त्या कागदावर काय लिहावं तेच ठरत नाहीये.

---

कातळकडा

पहाटे चारला निघा, पहिला दिवस पूर्ण हाताशी राहतो. सॅक पाणी धरून पाच किलोच्या आत ठेवा.

आणि एक आधीच ठरवा. अशा लांब वाटांवर कमीत कमी वेळेचे विक्रम नोंदवणारे लोक तीन प्रकार मानतात. पहिल्यात सोबतीला माणसं, गाडी, सगळं चालतं. दुसऱ्यात वाटेतल्या दुकानातून विकत घेणं किंवा आधी जाऊन सामान लपवून ठेवणं चालतं, पण तुमच्यासाठी मुद्दाम येऊन थांबलेलं माणूस चालत नाही. तिसऱ्यात नैसर्गिक पाणी सोडून सगळं सुरुवातीपासून पाठीवर. तुमचा बेत दुसऱ्या प्रकारचा दिसतो. मग गुंजवण्यातला चहा बिनधास्त घ्या, पण मित्राला डबा घेऊन बोलावू नका.

---

वेळवंडी

धायरीकर, मी भोरकडची. माझं आजोळ मोहरीच्या अलीकडच्या एका वाडीत. रुग्णालयात परिचारिका आहे आणि गेली बरीच वर्षं याच डोंगरांत पळते. तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहाटे चारला निघू नका. कातळकडा यांचा हिशोब सपाटीवर बरोबर आहे, या वाटेवर नाही. तुम्हाला एक पूर्ण रात्र मिळणारच आहे. ती वाटेच्या कोणत्या भागावर खर्च करायची हे तुमच्या हातात आहे, आणि सगळा बेत त्यावरूनच आखायला हवा.

चारला निघालात तर दुपारच्या उन्हात राजगड–तोरण्याची धार (दोन गड जोडणारी डोंगरसोंड) लागेल, तोरण्यावर अंधार पडेल आणि पुढचं गेळगाणी, हारपूडचं रान रात्री. तिथे ढोरवाटा इतक्या फुटतात की दिवसासुद्धा माणूस चुकतो. नकाशातली रेघ आणि पायाखालची वाट यांच्यात वीस-तीस पावलांचा फरक पडला तरी कारवीत शिरायला होतं. रात्री कारवीत शिरलात की तासभर गेलाच.

मी असं करेन. संध्याकाळी सहाच्या सुमारास कल्याण दरवाज्यातून खाली उतरायचं. सिंहगड ते विंझर, साखर, गुंजवणे या पट्ट्यात गावं आहेत, गाडीरस्ते आहेत, चुकलात तरी कुत्री भुंकून गाव कुठे ते सांगतात. रात्र इथे खर्च करा. हे अंतर जपून केलं तरी एक-दीडपर्यंत गुंजवण्यात पोचाल. तिथून चोर दरवाज्याची वाट मळलेली आहे, वरच्या खड्या भागात रेलिंग आहे, आणि तुम्ही ती अनेकदा चढला असाल. चारपर्यंत पद्मावती माचीवर. तिथे पाणी भरा, कोरडा टीशर्ट घाला, अर्धा-पाऊण तास पाठ टेका. मग संजीवनी माचीकडे सरका, पण अळू दरवाज्यातून बाहेर पडायचं ते फटफटल्यावरच. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, सव्वासहाला पावलापुरतं दिसू लागतं.

धारेला ट्रेकर मंडळी पाच-सहा तास धरतात, तुम्ही चारात कराल. बुधला माचीच्या अलीकडचा कातळ आणि शिडी सकाळच्या उजेडात येईल, हात-पाय अजून शाबूत असताना. साडेदहाला तोरण्यावर. तिथून मोहरी दुपारी चारपर्यंत, आणि सिंगापूरची नाळ सहाच्या आत उतरून खाली. अंधार पडेल तेव्हा तुम्ही कोकणात गावांमधून चालत असाल.

नाळ अंधारात उतरायची नाही, यावर मी ठाम आहे. सिंगापूरची नाळ बोराट्याच्या नाळेपेक्षा सोपी, हे खरं. आमच्या वाडीतली माणसं महाडच्या बाजाराला याच वाटेने जायची, डोक्यावर ओझं घेऊन. पण ती सकाळी निघायची, ताज्या पायांनी. तुम्ही तिथे वीसएक तास चाललेले असाल, मांड्या उताराने भरून आलेल्या असतील. गुडघा वाकताना थरथरायला लागला की सुटा दगड कुठला आणि पक्का कुठला हे पायाला कळत नाही. आणि नाळेत मोबाइलला रेंज नाही.

म्हणून बायकोच्या कागदावर पोचण्याच्या वेळांबरोबर वळण्याच्या वेळाही लिहा. तोरण्यावर मेंगाईच्या देवळापाशी साडेअकराच्या पुढे पोचलात, तर वेल्ह्याला उतरायचं. ती वाट मोठी आहे, खाली एसटी आहे, दवाखाना आहे. मोहरीत साडेचारच्या पुढे पोचलात, तर गावात थांबायचं आणि उजाडल्यावर नाळ. या दोन वेळा घरात बसून, डोकं शांत असताना ठरवा आणि डोंगरात त्यावर चर्चा करू नका, स्वतःशीही नाही. दमलेलं डोकं नेहमी "अजून थोडं" म्हणतं.

मोहरीत झोपलात तर बेत मोडला असं अजिबात समजू नका. इटलीतल्या टोर द जियाँ या शर्यतीत ३३० किलोमीटर आणि २४,००० मीटर चढ असतो, मुदत १५० तास. तिथे पहिले येणारेही थोडं का होईना झोपतातच. घड्याळ चालू ठेवून झोपायचं, एवढंच.

आता पाणी, कारण यात मी रोजच्या कामामुळे जरा जास्त बोलते. सगळे कमी पाणी पडण्याला घाबरतात. लांब पल्ल्यात तितकाच मोठा धोका नुसतं साधं पाणी ढोसण्याचा आहे. घामातून मीठ जातं, वरून लिटरवर लिटर साधं पाणी, की रक्तातलं सोडियम खाली येतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. सोबतच्याला वाटतं पाणी कमी पडलंय, आणि तो आणखी पाणी पाजतो. तहानेप्रमाणे प्या. थंड रात्री तासाला ४०० मिलिलिटर पुरेल, दुपारी ६०० च्या आसपास. ओआरएसची एक लिटरवाली पुडी अख्खी एका लिटरमध्येच घाला; अर्ध्या बाटलीत अख्खी किंवा दोन लिटरमध्ये एक, असं काही करू नका, ते प्रमाण विचार करून ठरवलेलं आहे.

राजगडावरून निघताना अडीच लिटर घ्या. धारेवर भरवशाचं पाणी नाही. खिंडीतल्या रस्त्यापाशी सुट्टीच्या दिवशी ताक, सरबत मिळतं, पण त्यावर विसंबू नका. तोरण्यावर पुन्हा भरा, गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून. पुढे हारपूड आणि मोहरीत डिसेंबरात पाणी असतं. विहिरीवर थेट बादली सोडू नका, घरात विचारा, कुणी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात त्याच बायका हंड्यासाठी किती चालतात ते मी पाहिलंय. चहा-भाकरी घेतलीत तर पैसे ठेवून या.

आणखी एक. पाय दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक खाऊन पळू नका. पाणी कमी, स्नायू तुटत आलेले, त्यात ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी भार. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर तो शर्यतीचा शेवट समजा आणि थेट रुग्णालय गाठा.

---

गिरिजा_ठाणे

ताईंनी लिहिलंय त्यात सामानाची भर घालते. वजन कमी करताना लोक नेमकं चुकीचं सामान काढतात. आल्प्समधल्या यूटीएमबीसारख्या शर्यतीत, जिथे दर काही तासांनी मदतकेंद्र आहे, तिथेही प्रत्येकाकडे दोन हेडलॅम्प, शिट्टी, अंगाला गुंडाळायची चंदेरी बचाव-चादर आणि किमान एक लिटर पाणी नेण्याची सोय असावीच लागते. तुमच्याकडे मदतकेंद्र नाही, त्यामुळे यातलं काहीही काढू नका. त्यावर क्रेप बँडेज, बारीक पॉवरबँक आणि एक लांब बाह्यांचा टीशर्ट. डिसेंबरच्या पहाटे माचीवर घामेजलं अंग पाच मिनिटांत गारठतं.

काढायचंच असेल तर जास्तीचे कपडे आणि ती दहा प्रकारची जेल काढा. मला तरी आठ-नऊ तासांनंतर गोड नकोसं होतं. खजूर ठेवा, चार-पाच खजुरांत ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. तासाला ४० ते ६० ग्रॅम पोटात जायला हवीत. सोबत थालीपीठ, उकडलेले बटाटे, खारे शेंगदाणे. जे डिसेंबरात खाणार ते नोव्हेंबरच्या लांब सरावात खाऊन बघा.

---

कातळकडा

वेळवंडीताई, तुमचा वेळेचा हिशोब पटला, चारचा सल्ला मागे घेतो. पण एक सांगायचंय. एकट्याने करू नये असं मला मनापासून वाटतं. नाळेत पाय मुरगळला, रेंज नाही, तर वळायच्या वेळेचा काय उपयोग?

---

वेळवंडी

बरोबर आहे. दोघं असावेत, आणि दोघांची चाल सारखी असावी. पण सोबत मिळाली नाही तर एवढं कराच: मोहरीत ज्या घरी पाणी प्याल तिथे सांगा की मी आत्ता नाळेने उतरतोय, आणि खाली दापोलीत पोचल्यावर पहिल्या घरी सांगून घरी फोन लावा. मोहरी सोडल्यापासून चार तासांत फोन आला नाही तर बायकोने कुणाला कळवायचं, तेही कागदावर असू दे. ११२ आणि १०८ आहेतच. शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, राज्यभरातल्या गिर्यारोहण संस्थांची माणसं त्यातून हलतात. त्यांचा क्रमांक आधी शोधून लिहून ठेवा. नाळेत माणूस शोधायला स्थानिक आणि दोरवाले दोन्ही लागतात.

---

धायरीकर

ताई, गिरिजा, कातळकडा, मनापासून आभार. वेळापत्रक नव्याने लिहायला घेतलंय. धावणाऱ्या मित्राला विचारलं, तो यायला तयार आहे. मोहरीत थांबावं लागलं तर थांबू.

तीन शंका. चांदणं असावं का? मोहोळांचं काय करायचं? आणि रायगडाच्या पायथ्याला रात्री दहा-अकराला पोचलो तर वर जाता येईल का?

---

वेळवंडी

चांदणं हवंच. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी-त्रयोदशी बघा, म्हणजे दत्तजयंतीच्या दोन-तीन दिवस आधी. चंद्र संध्याकाळीच वर असतो आणि पहाटेपर्यंत पुरतो. सिंहगडाकडून राजगडाकडे येताना हेडलॅम्प मंद ठेवला तरी भागेल, बॅटरी चोर दरवाज्यासाठी राखता येईल.

मोहोळं राजगडाच्या कड्यांवर असतात, तोरण्यावरही. अत्तर, सुगंधी तेल, वासाचं सनस्क्रीन लावून जाऊ नका, कड्याखाली धूर किंवा आरडाओरडा करू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं कापडात गुंडाळून तिथून पळायचं, लांब जाईपर्यंत थांबायचं नाही. तिथे मात्र पावलं जपून, कारण बाजूला दरी आहे. तुमच्यापैकी कुणाला गांधीलमाशी चावून कधी श्वास लागला असेल, तर बेत पक्का करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि गवतात पाय टाकताना फुरशाचं भान ठेवा. चावलं तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलू न देता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच प्रतिविष चालतं.

रायगडाबद्दल: रात्री वर सोडतात की नाही हे पुरातत्त्व खात्याकडून निघण्याआधी विचारून घ्या. गडांवर रात्री थांबण्याचे नियम बदलत असतात, सिंहगड आणि राजगडासाठीही हेच. नाही म्हणाले तर चित दरवाज्याच्या पायथ्याला झोपा आणि पहाटे पायऱ्या चढा. चौदाशेच्या वर आहेत, तुमच्या पायांना त्या वेळी पुष्कळ होतील. उतरायला रोपवे घ्या. परतीची गाडी दोघांपैकी कुणीही चालवायची नाही. महाडहून एसटी आहे, किंवा ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा.