मेमरी लिमिट वाढवा म्हणणाऱ्यांनो, एकदा हे वाचा

राजवाडा_रात्रपाळी:
काल इथे सल्ला वाचला: 'मोठी फाइल डाउनलोडला देताना पीएचपी (साइटमागची सर्व्हरवर चालणारी भाषा) मरतं? मेमरी लिमिट, म्हणजे एका स्क्रिप्टला मिळणारी मेमरी, 128 एमबीची 2 जीबी करा.' डोकंच फिरलं. आमच्या इंदूरच्या मंडळाच्या साइटवर मी हेच केलं होतं. नाटकाचं रेकॉर्डिंग 1.4 जीबी, सर्व्हरची रॅम 4 जीबी. पीएचपीचं फाइल_गेट_कंटेंट्स हे फंक्शन अख्खी फाइल मेमरीत उचलतं, तेही प्रत्येक मागणीला वेगळं. तिघांनी एकदम लिंक दाबली आणि साइट आडवी. खाली गणपतीची आरती चालू, मी वर सर्व्हर उठवतोय. त्याऐवजी रीडफाइल हे फंक्शन वापरा, ते तुकड्यातुकड्यानं पाठवतं.

छावणीकर:
सल्ला माझाच. आणि माझी स्क्रिप्ट रीडफाइलवरच मेली होती. आता बोला.

राजवाडा_रात्रपाळी:
आउटपुट बफरिंग (पाठवायचं ते आधी मेमरीत साठवणं) चालू असणार. रीडफाइल तुकडे देतं, बफर ते साठवत बसतो. ओबी_गेट_लेव्हल (किती बफर चालू आहेत तो आकडा) शून्य होईपर्यंत ओबी_एंड_क्लीन करून बफर बंद करा, मग पाठवा.

रामबागची_लेक:
तुम्हा दोघांची मेमरी वाचेल हो, माझ्या आईचं काय? तेच नाटक तिनं मोबाइलवर तीनदा उतरवलं. 90 टक्क्यांवर नेट गेलं की परत शून्यापासून. तीन दिवसांचा डेटा पाण्यात! ब्राउझर 'अमुक बाइटपासून पुढचं द्या' असं रेंज हेडरमध्ये सांगतो, पण स्क्रिप्ट ते वाचतच नाही. मागितलेल्या बाइटपासून 206 ('फाइलचा काही भाग देतोय' हा कोड) देऊन पाठवायला काय होतं?

राजवाडा_रात्रपाळी:
ताई, चूक माझी. पण रेंज हातानं लिहू नका, एका बाइटचा घोळ झाला तरी फाइल बिघडते. पीएचपीनं फक्त परवानगी तपासावी, एक्स-अॅक्सेल-रीडायरेक्ट हेडर द्यावं. पुढचं, रेंजसकट, एंजिनएक्स हा वेब सर्व्हर बघतो. मागणी हाताळणारा पीएचपीचा वर्करही लगेच मोकळा.

छावणीकर:
एंजिनएक्स, एंजिनएक्स! शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) कुठून आणू? कॉन्फिगला हात लावू देत नाहीत, तिकीट टाकलं की चार दिवसांनी 'कॅशे साफ करा' म्हणतात. माझ्यासारख्याला हव्या बाइटवर जाणारं एफसीक आणि 8 केबीचे तुकडे वाचणारे एफरीडच लिहावे लागतात.

रामबागची_लेक:
मग लिहा, पण त्याआधी सेशन_राइट_क्लोज करून सेशनचं (त्या माणसाच्या भेटीच्या नोंदीचं) कुलूप सोडा. नाहीतर फाइल उतरेपर्यंत त्याच माणसाला साइटचं दुसरं पान उघडत नाही. आईला वाटलं, आपणच काहीतरी बिघडवलं.

छावणीकर:
बफरचं खरं निघालं. एका जुन्या इन्क्लूडमध्ये (स्क्रिप्टला जोडलेल्या फाइलमध्ये) बफर चालू करणारं ओबी_स्टार्ट होतं. लिमिट परत 128 केली, 1.1 जीबीची फाइल पूर्ण उतरली. पण हे कालच नीट विचारलं असतंत तर सांगितलं असतं, डोकं फिरवायची गरज नव्हती.