ठाणे-नवी मुंबईत इलेक्ट्रिक सायकल चालवणाऱ्यांनो, तुमचा अनुभव लिहा

पोखरण नंबर दोन :
आधीच सांगून टाकतो, ही ती 2025 मध्ये राज्य सरकारने परवानगी दिलेली इ-बाईक टॅक्सी नाही. पॅडल असलेली, बॅटरी लावलेली सायकल, तिच्याबद्दल बोलायचंय.

तर मागच्या दिवाळीत बोनस आला आणि मी एक घेऊन टाकली. घर ते वागळे इस्टेट साडेचार किलोमीटर, आधी रिक्षा, नाहीतर बायकोची स्कूटी. साधी सायकल होती घरात, पण जाताना मस्त वाटायचं आणि संध्याकाळी उपवनच्या बाजूने वर येताना तोंडाला फेस, त्यामुळे ती हळूहळू गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. आता नऊ महिने झाले, पावसाचे काही दिवस सोडले तर रोज जातो. शर्ट ओला होत नाही हा एवढाच खरा फरक आहे, बाकी सगळं त्यातूनच आलं.

पण आमचा रविवारी येऊरच्या डोंगरावर सायकलने जाणारा ग्रुप आहे तिथे मला "ए स्कूटीवाले" म्हणतात. चीटिंग आहे म्हणे. मी म्हटलं बाबांनो 2019 मध्ये युरोपातल्या सात शहरांत अभ्यास झाला होता, त्यात इ-सायकलवाल्यांचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांच्या जवळपासच निघाला, कारण हे लोक लांब जातात आणि जास्त वेळ चालवतात. कोणी ऐकत नाही. आपल्याकडे ढोबळ नियम असा की मोटर 250 वॉटच्या आत, आणि ताशी 25 किलोमीटरच्या स्पीडला तिने ढकलणं बंद केलं पाहिजे, मग ती मोटर वाहन धरत नाहीत, लायसन नको, नंबरप्लेट नको.

मला तीन गोष्टी हव्यात. तुमची तब्येत सुधारली का बिघडली, गाडी किंवा रिक्षा खरंच सुटली का, आणि आपल्या रस्त्यांवर ही सायकल धड बसते का. घ्यायची इच्छा आहे पण घेतली नाही असे लोकही लिहा, फक्त मायलेज किती देते विचारू नका.

मुलुंड चेकनाका :
मायलेज किती देते?

कोपरखैरणे, तिसरा मजला :
मी शाळेत शिकवते, वाशीला. येऊन जाऊन साधारण नऊ किलोमीटर. नवी मुंबई सपाट आहे तर तुला मोटर कशाला असं नवरा म्हणाला होता, त्याला म्हटलं पाठीवर वह्यांचे दोन गठ्ठे, हँडलला भाजी आणि समोरून खाडीचा वारा, ये एकदा चालवून दाखव. गुडघा दुखतो माझा, सिग्नलला थांबून परत सुरू करताना पहिली दोन पॅडलं जड जायची, तिथेच मोटर कामाला येते. नंतर मी कितीतरी वेळ लेव्हल शून्यावर, म्हणजे मोटरची मदत न घेता चालवते.

गुडघ्याला बरं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं गुडघ्यावर जोर न देता पाय फिरता ठेवा, तेच होतंय.

आता दुःखाची बाजू. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. साधी सायकल मी खांद्यावर टाकून वर न्यायचे, ही तेवीस किलोची आहे, ही मला खांद्यावर टाकेल. म्हणून खाली चेन लावून ठेवते आणि बॅटरी काढून पिशवीत घालून वर आणते, रोज, डब्याच्या शेजारी. शेजारच्या आजींना सहा महिने वाटत होतं की मी शाळेतून प्रोजेक्टर घरी आणते. दोनदा सीट चोरीला गेली, बॅटरी नव्हती म्हणून सीट नेली असावी बिचाऱ्याने.

आणि रिक्षा सुटली का, तर हो, शाळेची पूर्ण सुटली. स्टेशनची नाही. स्टेशनबाहेर ही लावून लोकलने जायची हिंमत होत नाही.

घोडबंदरग्रस्त :
माझा अनुभव अर्धा गोड अर्धा कडू. कासारवडवली ते माजिवडा, आठेक किलोमीटर. कारने हा रस्ता किती वेळाचा हे देवालाही सांगता येत नाही, गायमुख घाटात काही काम निघालं किंवा एखादा कंटेनर बंद पडला की वाघबीळपर्यंत सगळं गच्च. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारा सगळा अवजड माल आमच्या दारातून जातो आणि वर मेट्रो 4 चे खांब. सायकलने मला पस्तीस मिनिटं लागायची, ऊन असो ट्रॅफिक असो पस्तीस म्हणजे पस्तीस, आणि त्या पस्तीस मिनिटांचं सुख काय असतं ते ज्याने पातलीपाड्याला क्लचवर पाय ठेवून पन्नास मिनिटं काढली आहेत त्यालाच कळेल. पाच महिने कार बाहेर काढली नाही.

मग जुलैत मानपाड्याच्या अलीकडे पाण्याखाली खड्डा. साध्या सायकलवर मी पावसात बारा-चौदाने चालवायचो, खड्डा आला तर हँडल धरून उतरायचो. हिच्यावर नकळत बावीस-तेवीसने जातो माणूस, आणि सायकलचं वजन वेगळं. मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. हेल्मेट होतं म्हणून लिहितोय.

म्हणजे दोष सायकलचा नाही, पण एक कळलं. सायकलला स्कूटरच्या जवळ जाणारा स्पीड मिळाला, टायर आणि ब्रेक मात्र सायकलचेच राहिले. आणि रस्ता दोघांचाही नाही. सर्व्हिस रोडवर निदान जीव मुठीत धरून जाता यायचं, आता तो मेन रोडमध्ये घ्यायचं काम काढलंय, मग आम्ही नेमकं कंटेनरच्या कुठल्या बाजूने जायचं? परत सुरू केली आहे मी, पण ऑक्टोबरनंतर, आणि फक्त आतल्या रस्त्याने मिळेल तेवढं.

पाम बीच पावणेसहा :
मी त्या "चीटिंग" म्हणणाऱ्यांपैकीच आहे, चौदा वर्षं रोडबाईक, म्हणजे पातळ टायरची वेगाची सायकल चालवतोय. चीटिंग शब्द मागे घेतो, पण ग्रुप राईडला आणू नका एवढीच विनंती आहे. आमचा ग्रुप तीसने जातो, इ-सायकल पंचविसाला मोटर सोडते आणि मग तो माणूस तेवीस किलोचं धूड स्वतःच्या पायांवर ओढतो, दहा मिनिटांत एकटा मागे. चढावर उलटं, सगळे मरतायत आणि हा शीळ घालत पुढे. एकत्र चालवायची वस्तू नाही ती.

आणि सेफ्टीचं म्हणाल तर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर कुठली सायकल आहे याने काही फरक पडत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये अवतार सैनी गेले, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, पेंटियम चिप बनवणाऱ्यांपैकी एक, पहाटे नेरूळजवळ सायकल चालवत होते आणि कॅबने उडवलं. अनुभवी माणूस, ग्रुपबरोबर होते. त्यानंतर आमच्यातल्या चौघांनी सायकल सोडली.

पोखरण नंबर दोन :
@पाम बीच, खरंय. ग्रुप राईडला मी आता जुनीच काढतो. कपडे दोरीवर गेले.

वाशी, वय 71 :
नमस्कार मंडळी. मुलगी नेदरलँड्सला असते, तिच्याकडे गेलो असताना तिथे माझ्याहून म्हातारी माणसे सुसाट जाताना पाहिली. 2020 सालीच तिथे विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकी निम्म्या इलेक्ट्रिक होत्या असे जावयांनी सांगितले. परत आल्यावर हट्टाने घेतली. माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे, डॉक्टरांची परवानगी घेऊनच. मनगटाला घड्याळ आहे, नाडी 110 च्या वर गेली की असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, एक घर वाढवतो, खाली आली की कमी करतो. साध्या सायकलवर ही सोय नव्हती, चढ आला की आला. रोज मिनी सीशोअर, सागर विहार आणि परत.

मात्र तिकडचे सगळेच गोड नाही. जाड टायरच्या सायकली, फॅटबाईक म्हणतात, त्यावर तेरा-चौदा वर्षांची पोरे बसून पॅडल न मारता भन्नाट जातात, काही तर स्पीडचे लॉक काढून. तिथे त्यावरून मोठी ओरड आहे. आमच्या सेक्टरातही अशी दोन पोरे दिसू लागली आहेत. आणि तिकडे सायकलला स्वतंत्र रस्ता आहे, इथे मी जॉगिंग ट्रॅकवर चालवतो आणि चालणाऱ्यांच्या शिव्या खातो. त्या योग्यच आहेत.

ऐरोलीचा दुरुस्तीवाला :
दुकान आहे माझं, साध्या सायकली वीस वर्षं, बॅटरीच्या चारेक वर्षं. लोकांना जे कोणी सांगत नाही ते सांगतो.

रेंज. बॅटरीवर बघा, 36 व्होल्ट 10 अँपिअर अवर लिहिलं असेल तर गुणाकार करा, 360 वॉट अवर. पॅडल मारत गेलात तर किलोमीटरला दहा ते पंधरा खर्च होतात, म्हणजे तीसेक किलोमीटर धरा, नुसतं थ्रॉटल पिळत बसलात तर वीसच्या आत खेळ खलास. पूर्ण चार्जला अर्धं युनिटसुद्धा जात नाही, विजेच्या बिलाची काळजी सोडा. काळजी बॅटरीची करा, ती काही वर्षांनी बदलावी लागते आणि तेव्हा माणूस दुकानात खुर्ची मागतो. (मुलुंडवाले, झालं का समाधान?)

दुसरं, सेन्सर. स्वस्त सायकलीत सेन्सरला फक्त पॅडल फिरतंय एवढंच कळतं, किती जोर लावलाय ते कळत नाही. म्हणून अर्धं पॅडल काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो, सिग्नलला पुढच्या रिक्षात घुसणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. टॉर्क सेन्सरवाली पायाच्या जोराप्रमाणे देते, महाग आहे पण गर्दीत तीच चालवावी. घेताना ब्रेक दाबल्यावर मोटर तिथल्या तिथे कट होते का ते हातात धरून तपासा.

आणि पाऊस. मोटरपेक्षा जास्त मरतात ते कनेक्टर. गुडघाभर पाण्यातून काढली असेल तर घरी गेल्या गेल्या चार्जिंगला लावू नका, रात्रभर सुकू द्या. गाडी धुतात तसल्या प्रेशरने धुऊ नका, हात जोडतो. माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या दहातल्या सहा-सात सायकलींना नुसतं कनेक्टर साफ करून ग्रीस लावलं की चालतात, आणि "बॅटरी गेली" म्हणून आणतात त्यातल्या बऱ्याच वेळा चार्जर गेलेला असतो.

कळवा, सोसायटी सेक्रेटरी (नाइलाजाने) :
आमच्याकडे तीन इ-सायकली आणि एक महाभारत. एकजण जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावायचा. मी नोटीस काढली तर मला विकासविरोधी ठरवलं. अहो न्यूयॉर्कमध्ये 2023 साली लिथियम बॅटरीच्या आगींत 18 माणसं गेली, त्यात पळायच्या वाटेवर चार्जिंगला लावलेली बॅटरी हा मोठा धोका, जिना अडला की वरचे खाली कसे येणार? शेवटी पार्किंगमध्ये भिंतीला एक पॉइंट, वेगळा मीटर, आणि मूळ चार्जरच वापरायचा असं ठरलं. दोन मीटिंगा आणि एक राजीनामा लागला. राजीनामा माझा होता, स्वीकारला नाही.

घणसोली रायडर :
वाचत होतो, लिहू का नको करत. मी डिलिव्हरी करतो, भाड्याच्या बॅटरीवालीवर. तिला पॅडल नाही पण तुम्ही रस्त्यावर आम्हालाच इबाईकवाले म्हणता म्हणून लिहितो. माझ्याकडे लायसन नव्हतं, 25 च्या आतली असल्यामुळे ही चालते, म्हणून काम मिळालं. नाहीतर पेट्रोलची गाडी घ्यायला डाऊन पेमेंट कुठून आणू. भाडं आठवड्याला जातं, आजारी पडलो तरी जातं.

राँग साईडने जातो ते चूक आहे मान्य. पण तुम्ही एकदा मॅपवर बघा, पलीकडच्या टॉवरला जायला डिव्हायडरमधला कट दीड किलोमीटरवर आहे आणि घड्याळ चालू झालेलं असतं, 25 च्या स्पीडने तो दीड परत दीड जाऊन यायला किती लागतात. मागून डंपर हॉर्न मारतो हळू चालतो म्हणून, फुटपाथजवळ घेतली तर रिक्षा उभी. आम्ही फास्ट आहोत म्हणून शिव्या देता, हायवेवर स्लो आहोत म्हणून पण शिव्याच. दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात, दोनदा बॅटरी बदलतो. पेट्रोल नाही म्हणून हातात काहीतरी राहतं एवढंच.

कोपरखैरणे, तिसरा मजला :
@घणसोली रायडर, बरं झालं लिहिलंत. मला परवा शाळेच्या गेटवर एकजण राँग साईडने घासून गेला, मी खूप बोलले त्याला. तुमचं वाचून राग कमी नाही झाला पण कट कुठे आहे ते बघून आले. खरंच लांब आहे.

घोडबंदरग्रस्त :
ट्रॅफिकचं म्हणाल तर माझ्या एका गाडीने घोडबंदरला काय फरक पडणार. पण ऑफिसातल्या अजून दोघांनी घेतली, दोघांच्याही आधी कारच होत्या. पार्किंगमध्ये एका कारच्या जागेत आम्ही तिघे उभे करतो आणि वॉचमन तरी म्हणतो जागा अडवता.

मुलुंड चेकनाका :
समाधान झालं, घेतोय. बायकोने विचारलंय मायलेज किती देते.

वाशी, वय 71 :
ऐरोलीकर, आपले दुकान रविवारी उघडे असते का? माझी सायकल चार दिवसांपासून चार्ज होत नाही, दिवा हिरवाच राहतो. टेम्पोत घालून आणावी लागेल.

ऐरोलीचा दुरुस्तीवाला :
काका दुपारी एकपर्यंत आहे. टेम्पो नको, आधी नुसता चार्जर आणि बॅटरी घेऊन या, बसने.