स्ट्रॅट गिटारचा आवाज क्लीनमध्ये टोचतो, गेन दिला की गढूळ होतो. सुरुवात कुठून करायची?

खर्जतार: स्ट्रॅट (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारे, एकाच वेटोळ्याचे चुंबक), तारा ९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ॲम्प १५ वॅटचा ट्रान्झिस्टरवाला, ८ इंची स्पीकर, दहा बाय दहाच्या खोलीत कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला. क्लीनवर, म्हणजे आवाज न फाडता, विशेषतः ब्रिज पिकअपवर (तारा अडकवतात त्या ब्रिजजवळचा), आवाज कानाला टोचतो. गेन (आवाज फाडणारा नॉब) वाढवला की जाड तारा नुसत्या गुरगुरतात. जाड ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर थरथरतो, ट्यूनरही तिथे स्थिर राहत नाही. घरघर आहे ती वेगळीच. पिकअप बदलू की एखादं पेडल घेऊ?

सहावा_फ्रेट: सध्या दोन्ही नको. थरथर सांगितलीत ते बरं झालं, कारण निदान तिथेच आहे. पिकअप तारांच्या फार जवळ आलेत. चुंबक तारेला खाली ओढतो, त्यामुळे तार मोकळी हलत नाही आणि एका सुरात दोन सूर ऐकू येतात. जाड तारेवर आणि नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळचा) हे सगळ्यात जास्त जाणवतं. जवळच्या पिकअपमधून सिग्नलही जोरात निघतो, म्हणून आघात कडक लागतो.

जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपच्या खांबाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइलला जाड ईखाली २ मिमी, बारीक ईखाली १.६ मिमी हा फेंडरचा आकडा आहे. तुम्ही २.४ आणि २ पासून सुरू करा, मग अर्धा-अर्धा फेरा वर घेत कानाने ठरवा. स्क्रू उजवीकडे फिरवला की पिकअप वर येतो, डावीकडे फिरवला की खाली जातो. डावीकडे फार फिरवू नका. स्क्रू पिकअपमधून सुटला तर पिकअप आत पडतो आणि अख्खं पिकगार्ड (वरची प्लॅस्टिकची पट्टी) उघडावं लागतं.

त्याआधी नव्या तारा चढवा आणि नेक बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबली की आठव्या फ्रेटवर सुमारे ०.२५ मिमी फट हवी. ट्रस रॉड (नेकमधली बाक जुळवणारी सळई) एका वेळी पाव फेराच, मग पुन्हा सुरात लावून मोजायचं. आपल्याकडे पावसाळ्यात नेक हलतेच, जुलैत एकदा तपासाच. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिमीच्या आसपास ठेवा.

कोपरा_नको: वरचं सगळं बरोबर, पण ब्रिजचा टोचरेपणा त्याने पूर्ण जाणार नाही. स्ट्रॅटच्या जुन्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉबच जोडलेला नसतो! नॉब शून्यावर आणून बघा. ब्रिजच्या आवाजात काहीच बदल झाला नाही, तर पाच-घरी स्विचवर एक छोटी तार डाखून तो दुसऱ्या टोनला जोडता येतो. मग टोन ७ वर ठेवला की काम होतं.

ॲम्प मात्र आजच कोपऱ्यातून काढा. कोपरा खर्ज फुगवतो, आणि गेनमध्ये तोच गढूळपणा होऊन येतो. स्टुलावर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, तोंड कानाकडे. तार स्वर, म्हणजे उंच सूर, स्पीकरसमोर सरळ रेषेत जातात. ॲम्प जमिनीवर असला की ते गुडघ्यांना लागतात, आपल्याला आवाज बोथट वाटतो आणि आपण ट्रेबल वाढवत बसतो. समोर बसून बेस ३, मिड ६, ट्रेबल ४, गेन ३ ठेवा. मिड कमी करू नका. एकट्याने वाजवताना कमी मिड गोड वाटतो, पण ड्रम आले की गिटार गायब. केबल ३ मीटरची पुरते, लांब केबल तार स्वर खाते.

मंद्र५०: घरघरीबद्दल. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या घरावर नेऊन बघा. तिथे घरघर गेली, तर ती सिंगल कॉइलचा स्वभाव आहे, बिघाड नाही. पंख्याचा रेग्युलेटर आणि एलईडी डिमर बंद करून फरक ऐका, मग बसल्या जागी अंगासकट गिटार वळवा. एका दिशेला घरघर खूप कमी होते. गिटारच्या आत तांब्याचा पत्रा लावून चिरचिर जाते, घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर जात नाही.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर ठीक. वाढला किंवा बोटांना झिणझिण्या आल्या, तर ॲम्पचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर कधीही लावू नका.

खर्जतार: पिकअप उतरवले, थरथर गेली. पण बाराव्या फ्रेटवर दाबलेली जाड ई मोकळ्या तारेपेक्षा किंचित चढी लागते.

सहावा_फ्रेट: चढी म्हणजे सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, नेकपासून लांब. उतरी असती तर पुढे. तार थोडी सैल करा, सॅडलचा स्क्रू अर्धा फेरा उजवीकडे फिरवा, मोकळी तार पुन्हा सुरात लावा, मगच बाराव्यावर तपासा. दाबताना वाजवतो तेवढाच जोर द्या, जास्त दाबलं तरी सूर चढतो. पिकअप जवळ असताना हे मोजमाप खोटं येतं, म्हणून ते शेवटी ठेवलं.