मदत हवी: सोडलेल्या घराचा कौन्सिल टॅक्स, दारात बेलिफ, ओम्बड्समनचे हात वर

तांबडा_रस्सा: घाईत लिहितोय. काल कामावरून आलो तर दाराच्या फटीत बेलिफची, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्याची, चिठ्ठी. जुन्या घराच्या कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे, पैसे मागताहेत. कौन्सिलला ३ मेल केले, तेच छापील उत्तर. कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा ओम्बड्समन म्हणतो, आमच्या कक्षेत येत नाही. मग पाटी लावून बसलेत कशाला? आता कोणाकडे जायचं?

आबा_लेस्टर: इंग्लंड की स्कॉटलंड? घर कधी सोडलंत? लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे टॅक्स भरा असा कोर्टाचा हुकूम, झालीय का?

तांबडा_रस्सा: इंग्लंडच हो. ऑर्डरबिर्डर माहीत नाही.

आबा_लेस्टर: मग झालेलीच आहे. तिच्याशिवाय बेलिफ येत नाही. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन पडलं असणार.

मीठभाकर: मुकाट्याने भरून टाका. २०२१ साली मी असाच ताठ राहिलो. पत्राचे ७५ पाउंड लागले, माणूस दारात आला तसे आणखी २३५. मूळ थकबाकी होती १९०!

नाना_क्रॉयडन: काय घाबरवताय त्यांना? या टॅक्ससाठी पहिल्या फेरीत दार तोडून आत येता येत नाही. दार उघडूच नका.

मीठभाकर: आणि बाहेर उभी गाडी? तिला जॅमर लावतात, नाना.

कोथरूडकर: पुण्यात बरं आहे म्हणायचं. राहत्या घराच्या मिळकतकरातली माझी ४० टक्के सवलत गेली होती, महापालिकेचा पीटी-३ फॉर्म भरला आणि परत मिळाली. तसला फॉर्म नाही का तिकडे?

आबा_लेस्टर: कोथरूडकर, वेगळा धागा काढा. रस्सा, घरात कोण कोण होतं? करार कोणाच्या नावावर?

तांबडा_रस्सा: त्याचा काय संबंध? आम्ही ५ जण, एकेक खोली, ज्याचा त्याचा करार, ज्याचं त्याचं कुलूप. भाडं बिलांसकट. कौन्सिलचा फॉर्म आला तेव्हा बाकीचे शिफ्टवर, म्हणून मी माझं नाव टाकलं.

आबा_लेस्टर: अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! खोल्या अशा वेगवेगळ्या दिल्या असतील तर टॅक्स घरमालकाच्या डोक्यावर, नाव कोणीही टाकलेलं असो. कौन्सिलला लेखी कळवा की टॅक्स कोणी भरायचा यावरच माझा आक्षेप आहे, आणि तोवर वसुली थांबवा. त्यांना २ महिने मिळतात. नाही म्हणाले किंवा गप्प बसले तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनल, म्हणजे या टॅक्सची अपिलं ऐकणारा लवाद. फी नाही, पण तिथेही मुदत आहे.

नाना_क्रॉयडन: त्यापेक्षा मॅजिस्ट्रेटकडून ऑर्डरच रद्द करून घ्या ना.

आबा_लेस्टर: टॅक्स कोणाचा, हे मॅजिस्ट्रेट ठरवत नाही. समन्स मिळालंच नाही म्हणून ऑर्डर रद्द करा, असा अर्ज चालतो. तोही कळल्याबरोबर करायचा, आरामात नाही. ओम्बड्समनचं म्हणाल तर ट्रायब्युनलचं किंवा कोर्टात गेलेलं प्रकरण तो हातात घेत नाही. बेलिफने दमदाटी केली, कौन्सिलने पत्रांना दाद दिली नाही, असलं तो बघतो. तेही कौन्सिलकडची तक्रार पूर्ण झाल्यावर, आणि प्रकार कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत.

तांबडा_रस्सा: म्हणजे ३ मेल वाया?

आबा_लेस्टर: त्यात खोल्यांचं लिहिलं होतं?

तांबडा_रस्सा: नाही. लाज वाटली पाहिजे एवढं लिहिलं होतं.

मीठभाकर: 😂

आबा_लेस्टर: करार शोधा.

तांबडा_रस्सा: व्हॉट्सॲपवर होता, फोन बदलला. फ्रिजचा एक फोटो आहे, फळ्यांवर खोली १, खोली २ अशा पट्ट्या. चालेल?

आबा_लेस्टर: जोडा. आणि दर महिन्याचं भाडं एकट्याच्या खात्यातून गेलेलं दिसतंय ना, ते बँकेचे कागद आज काढा.

कोथरूडकर: पीटी-३ साठीपण वीजबिल लागलं होतं.