हेत्वाभास, तर्कदोष की वितंडा?

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या खर्चाचा हिशेब मागितला. उत्तर आलं, "तुमचाच मेन्टेनन्स दोन महिने थकलाय, तुम्ही काय बोलता!" मी लिहिलं, हा हेत्वाभास आहे. एका काकांनी शब्द चुकला म्हणून टोकलं. खरंच चुकला का?

उत्तर : काका बरोबर आहेत. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा, कारणासारखा भासणारा पण कारण नसलेला. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, पाच आहेत : सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम, कालातीत. त्यातला साध्यसम रोज भेटतो. "हिशेब चोखच असणार, कारण सेक्रेटरी प्रामाणिक आहेत." प्रामाणिक कशावरून? "हिशेब चोख असतात ना!" जे स्वतःच अजून सिद्ध व्हायचंय तेच कारण म्हणून पुढे.

तुम्हाला मात्र कुणी कारण दिलंच नाही, थेट तुमच्यावर घसरले. तिथे 'तर्कदोष' हा ऐसपैस शब्द बरा.

आणखी एक : मग याला वितंडा म्हणता येईल?

उत्तर : आजच्या मराठीत चालेल, कारण कुठल्याही कंटाळवाण्या भांडणाला आपण वितंडवाद म्हणतो. मूळ अर्थ नेमका होता : स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडत राहणं. तो अर्थ आपण घालवला, याची मला हळहळ वाटते. शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरवणं म्हणजे छल. 'नवकंबल', म्हणजे नव्या कांबळ्याचा, असं कुणाला म्हटलं की "नऊ कुठे, एकच तर आहे!" हे त्याचं जुनं उदाहरण. तोच शब्द मराठीत 'छळ' झाला. अशा माणसाशी वाद घातलेल्यांना अर्थ फार बदललाय असं वाटणार नाही.

तिसरे : "कावळा बसायला आणि फांदी तुटायला" हाही तर्कदोषच ना?

उत्तर : नाही, ती म्हण योगायोग सांगते. संस्कृतात काकतालीय न्याय, तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं. "कावळ्याने फांदी मोडली" असं कुणी ठासून म्हणालं, की तर्कदोष. म्हण उलट त्यावरचा उतारा आहे.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. काकांनाही कळवलं. थकलेला मेन्टेनन्स भरून टाकला, हिशेब अजून आलेला नाही.