नाशिकची शहर बस दिव्यांगांसाठी सुगम झाली का? ठरवायचं कशावरून?

पाथर्डीकर:
सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालं. सरकारी मालकीच्या किमान २५ टक्के बस दिव्यांगांना पूर्णपणे वापरता याव्यात, हे त्यातलं एक लक्ष्य. मुदत वाढत वाढत जून २०२२ पर्यंत गेली. आपल्याकडे शहर बस एसटीकडून महापालिकेच्या सिटीलिंककडे आली ती जुलै २०२१ मध्ये. तरी प्रगतीचा विषय निघाला की अजून चर्चा होते ती रॅम्प असलेल्या गाड्या किती, याचीच. माझं म्हणणं एवढंच की गाड्या मोजू नका, घरातून निघालेला माणूस पोहोचला का ते मोजा.

माझी बहीण व्हीलचेअर वापरते, म्हणून रॅम्पचं गणित मांडतो. इमारतीच्या रॅम्पला १:१२ उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटर, सेमी लो-फ्लोअरचा ६५०. दारातली घडीची पाटी, म्हणजे बसचा रॅम्प, जेमतेम मीटरभर. गाडी फुटपाथला खेटून उभी राहिली, तर ४०० मधले दीडशे वाचतात आणि एका माणसाच्या मदतीने खुर्ची चढते. तीच गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली की पाटी डांबरावर टेकते आणि चढ असा होतो, की दोघांनी ढकललं तरी खुर्ची मागे कलंडायची भीती. कागदावर मात्र ती बस ‘सुगम’च.

सातपूरवाला:
भावना समजतात, पण असहमत. शहर बस तोट्यात आहे. शिफ्ट सुटल्यावर सातपूर-अंबडचे कामगार दाराला लटकून जातात, त्यांना आधी गाड्या हव्यात. लो-फ्लोअर गाडी महाग, आणि आपल्या गतिरोधकांवर, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तिचा तळ घासतो. त्यापेक्षा व्हीलचेअरवाल्यांना रिक्षाभत्ता द्या. घरापासून दारापर्यंत जाता येईल आणि खर्चही कमी.

नाशिकरोडची वाचक:
हा धागा व्हीलचेअरपुरताच चाललाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मला फार कमी दिसतं. मला रॅम्प नको, गाडीचा नंबर कळायला हवा. थांब्यावर एकामागे एक तीन गाड्या लागतात, शेजारच्याला "दादा, कुठली आली?" असं विचारेपर्यंत माझी गाडी सुटलेली असते. आत बसल्यावर पुढचा थांबा कोणता, तेही दुसऱ्यालाच विचारायचं. थांब्याची घोषणा गाडीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे ऐकू आली पाहिजे. त्याला लो-फ्लोअरइतका पैसा लागत नाही.

आणि भत्त्याबद्दल, सातपूरवाले दादा: एसटीच्या तिकिटात आम्हाला ७५ टक्के सवलत आहे. ज्याला पायऱ्याच चढता येत नाहीत, त्याने त्या सवलतीचं काय करायचं? पैसे देऊन घरी बसवण्याचा हा मार्ग मला पटत नाही. मला सगळ्यांच्या बरोबर जायचंय.

निवृत्त चालक:
मी आयुष्यभर स्टिअरिंग धरलंय. गाडी थांब्याला खेटवावी असं चालकालाही वाटतं, पण थांब्यापुढे रिक्षा उभ्या, मागे हातगाडी, त्याच्यापलीकडे लावलेल्या दुचाकी. खेटवणार कुठे? वाहकाने उतरून पाटी उघडायला घेतली की मागून हॉर्न आणि आतून "अहो चला ना" सुरू. ठेकेदाराचे पैसे किलोमीटरवर असतील, तर थांबलेल्या दोन मिनिटांचा हिशोब कोणी धरायचा? वेळापत्रकातच ती मिनिटं लिहून द्या आणि थांबे मोकळे ठेवायचं काम वाहतूक पोलिसांकडे सोपवा. सगळा दोष चालक-वाहकावर टाकू नका.

सातपूरवाला:
घोषणेचं पटलं, ते उद्यापासून व्हावं. मोकळ्या थांब्यांचंही. पण महागड्या गाड्यांबाबत माझं मत तेच. कामगाराचा वेळही महत्त्वाचा आहे.

पाथर्डीकर:
निवृत्त चालक काकांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, त्यासाठी आभार. दादा, खर्चाचं म्हणाल तर ही आता मर्जीची बाब उरलेली नाही. राखीव आसनं, आधाराचे दांडे, कुबड्या-काठ्या ठेवायची सोय, व्हीलचेअर आत घेऊन अडकवायची व्यवस्था, हे सगळं १ मार्च २०२० पासून मोटार वाहन नियमांतच आहे. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे किमान नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचेच करा. ती याचिका २००५ ची होती. किती वर्षं गेली बघा.

आता सिंहस्थासाठी शहरात रस्ते खोदणं चालू आहे. फुटपाथ आणि थांब्यांची उंची आत्ताच बसच्या तळाशी जुळवून घेतली नाही, तर तेच काँक्रीट पुन्हा फोडावं लागेल. सुरुवातीला एकच मार्ग घ्या, निमाणी ते नाशिकरोड. व्हीलचेअरवालं कोणी, न दिसणारं कोणी, न ऐकू येणारं कोणी, अशांना जाऊन-येऊन प्रवास करू द्या आणि ते कुठे अडले त्याची यादी जाहीर करा.

सातपूरवाला:
अशा चाचणीला माझी हरकत नाही. फक्त मार्ग बदला. त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल ज्या मार्गावर आहे, तो घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला अनेकांना तिथे जावं लागतं.

नाशिकरोडची वाचक:
चालेल. पण चाचणी गर्दीच्या वेळी ठेवा. दुपारच्या रिकाम्या गाडीत सगळंच जमतं.