आईची चाल संगणकावर मांडता येईल का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
आईला पक्षाघात होऊन आठ महिने झाले. उजवं पाऊल उचलताना बोटं फरशीला घासतात, म्हणून ती पाय बाहेरून कोयत्यासारखा फिरवून टाकते. आयर्विन पुलावर रोज फिरायला जायची हो ती! मी मेकॅनिकलला आहे. मोबाईलच्या चित्रणावरून तिची चाल संगणकात उभी करता येईल?

उत्तर १:
येईल. ओपनसिम घ्या, शरीराची हालचाल संगणकावर मांडणारं सॉफ्टवेअर, स्टॅनफर्ड विद्यापीठाचं आहे, फुकट मिळतं. त्यातल्या शरीराच्या एका तयार मॉडेलमध्ये स्नायूंचे ९२ घटक आहेत. दोन आयफोन मिळाले तर ओपनकॅप नावाचं दुसरं सॉफ्टवेअर चित्रणावरून सांध्यांचे कोन काढून देतं. पण पक्षाघातात स्नायू नुसता अशक्त नसतो, मेंदूचा हुकूमच नीट पोचत नाही. तयार मॉडेल निरोगी माणसाचं असतं, त्यामुळे स्नायूंच्या आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, मिरज):
दादा, सगळे नडगीपुढचा स्नायूच बघतात, कारण पाऊल तो उचलतो. उजवी पोटरी मागून शरीराला पुढे रेटते, तो रेटाही बघा. पाऊल वर धरणारा स्प्लिंट (आधार) असेल तर तो घालून आणि काढून, दोन्ही चित्रणं घ्या. काढल्यावर शेजारी धरायला माणूस हवाच.

प्रश्नकर्ता:
रविवारी करतो. आई म्हणाली, साडीत गुडघा दिसायचा नाही, पंजाबी ड्रेस घालते.